एक्केचाळीस कुलपं

गावात माणसं किती, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला अवघड. गावकऱ्याला विचारलं तर तो दहा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या पुतण्यालाही धरतो. कागदाला विचारलं तर तो दारात बसलेल्या म्हातारीलाही विसरतो. म्हणून परिवहन कार्यालयानं मोजणीसाठी बाहेरची माणसं नेमली, आणि त्यांत तिची निवड झाली. संख्याशास्त्राची पदवी हातात पडून चार महिने झालेले, वय तेवीस, अक्षर मोत्यासारखं. वाट्याला अकरा गावं आणि अठरा दिवस. तिनं पंधरा दिवसांतच काम संपवलं. साहेबांनी तिची पत्रकं हातात धरून बाकीच्यांना दाखवली. "बघा, याला म्हणतात काम. एक खाडाखोड नाही!"

खाडाखोड नव्हती हे खरं होतं. ज्यानं पत्रक बसल्या जागी भरलं, तो खोडेल कशाला?

नियम साधा होता. वस्ती पाचशेच्या वर असेल तर त्या गावाला रोजची गाडी, आणि रात्री मुक्कामाला थांबून पहाटे सुटणारी गाडीही. पाचशेच्या खाली असेल तर आठवड्यातून दोन फेऱ्या, त्याही दुपारच्या. अकरांपैकी चार गावं पाचशेच्या खाली गेली. त्यांतलं एक तिच्या मावशीचं.

त्या गावाला ती दहाच्या गाडीनं गेली होती आणि साडेचारच्या गाडीनं परतली होती, असे दोन दिवस. एकशे त्र्याहत्तर घरं. एकशे बत्तीस उघडी, तिथं माणसं चारशे अडतीस. एक्केचाळीस घरांना कुलूप. बंद घरासाठी पत्रकात तीन रकाने होते, तीन भेटींच्या वेळांचे, आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती : तिन्हींपैकी एक भेट सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर द्यावी. पहिल्या रकान्यात तिनं खरी वेळ लिहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत मावशीच्या ओट्यावर चहा पिता पिता लिहिलं : सकाळी ६.४५, संध्याकाळी ७.१०. सगळ्यांना एकच वेळ नको म्हणून कुठे ६.५०, कुठे ७.२५. शेवटच्या रकान्यात, 'वस्ती नाही.' कुलूप सकाळी बघितलं काय नि संध्याकाळी बघितलं काय, लोखंडच ते, असं तेव्हा तिला वाटलं होतं. किंवा वाटून घेतलं होतं.

बुधवारी मावशीचा फोन आला.

"अगं, तू मोजून गेलीस ना आम्हाला?"

"हो मावशी. का?"

"मग कमी कसे पडलो गं आम्ही? सोमवारपासून गाडी बंद म्हणून कागद लागलाय थांब्यावर. मुक्कामाची तर कायमची गेली. इथे सगळे डोक्याला हात लावून बसलेत. कोणी म्हणतं मोजणी खोटी. मी त्यांना ठणकावलं, माझी भाची आहे ती, पदवीला पहिली आलेली. चूक झाली असेल तर गावाची झाली असेल, तिची नाही."

"मावशी, तसं काही..."

"हेडमास्तर म्हणतात, तू येऊन अर्ज कसा करायचा ते सांग. उद्या ये. संध्याकाळची गाडी धर, म्हणजे सगळे भेटतील. दिवसा गावात असतं कोण?"

फोन ठेवल्यावर तेच वाक्य कानात राहिलं. दिवसा गावात असतं कोण. मावशीनं हे असं म्हटलं होतं, जसं कोणी म्हणावं की पाणी ओलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहरातल्या स्थानकावर ती साडेसहाला पोचली, तेव्हा गाडी अजून फलाटाला लागली नव्हती आणि माणसं मात्र लागली होती. डब्यांच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, एकीच्या हातात नवी बादली. गाडी आली तशी झुंबड उडाली. तिला मागून तिसऱ्या बाकावर कशीबशी जागा मिळाली, शेजारी एक शिवणकाम करणारी बाई. हे तिच्या बोटांवरून कळलं. तर्जनीच्या टोकाला सुईच्या टोचण्यांनी चाळण झालेली.

सवयीनं तिनं डोकी मोजली. एकाहत्तर.

शास्त्र शिकलेल्या माणसाला एक शाप असतो. आकडा पुढे आला की तो गप्प बसू देत नाही. हे एकाहत्तर जण सकाळी सहाच्या गाडीनं जातात आणि साडेसातला परत येतात. ती दहाला आली आणि साडेचारला गेली. म्हणजे ज्या माणसांचं गाडीवाचून चालत नाही, नेमकी तीच माणसं तिला भेटणं शक्य नव्हतं. आणि जी भेटली, ती गाडीत न बसणारी. गाडीची गरज किती हे ठरवायला तिनं गाडी न वापरणारी माणसं मोजली होती. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ही चूक तिसऱ्या प्रकरणात आहे. परीक्षेत तिनं त्यावर सहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं, आणि सहापैकी सहा मिळवले होते.

"कोणाकडे चाललीस?" शिवणकामवाल्या बाईनं विचारलं.

"मावशीकडे."

"ये, ये. सोमवारपर्यंत येऊन घे. मग यायचं तर पंख लावून." बाई पुढच्या बाकावरच्या माणसाला म्हणाली, "काय हो रंगारी, तुम्हाला मोजलं का?"

"मला?" भिंती रंगवणारा तो माणूस मान वळवून हसला. त्याच्या भुवईवर पांढऱ्या रंगाचा थेंब वाळला होता. "माझ्या घराला म्हणे वस्तीच नाही. म्हणजे मी भूत. माझी बायको भूत. दोन पोरं, तीही भुतं."

"तरीच म्हटलं तुमची पोरं ऐकत का नाहीत!"

"बघा ना. आणि ही सगळी भुतं रोज साडेसातच्या गाडीनं घरी येतात. तिकीट काढून!"

गाडीभर हसू पसरलं. कंडक्टरही हसला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर अंधारत आलं होतं आणि काचेत तिला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं. ते बघवेना, म्हणून तिनं मान खाली घातली.

"आणि ती मोजणीवाली कोण, ठाऊक आहे का?" मागून कोणीतरी म्हणालं. "आपल्या त्या मावशींची भाची."

"अहो, मग तिची काय चूक?" शिवणकामवाली म्हणाली. "मावशी सांगत होत्या, पोरगी फार हुशार. सरकारनं जे सांगितलं ते तिनं केलं असणार. आपलाच काहीतरी कागद कमी पडला असेल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

गाडी गावात वळली तेव्हा थांब्यावर हेडमास्तर हातात वही घेऊन उभे होते आणि शेजारी मावशी, नवी साडी नेसून. मावशीनं तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "ही बघा आली!" शिवणकामवालीनं गाडीतून उतरता उतरता तिच्याकडे वळून पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. ती पिशवी दुसऱ्या हातात घेऊन घराकडे निघून गेली.

"बोल बाळा," हेडमास्तर म्हणाले. "आम्ही काय लिहायचं? तुझा आकडा चारशे अडतीस. तो मी खोटा म्हणत नाही. पण शाळेच्या पटावरून मला तो जरा..." ते अडखळले. तिचा अपमान होऊ नये म्हणून ते शब्द शोधत होते. "जरा कमी वाटतो. नियमात काही सूट बसते का?"

उतरलेली माणसं भोवती थांबली. बोलायची हीच वेळ होती. तिला ते कळत होतं.

"फेरमोजणीचा अर्ज करता येतो," ती म्हणाली. आवाज कार्यालयातला निघाला. "साध्या कागदावर. मी उद्या स्वतः नेऊन देते."

"बघा!" मावशी म्हणाली. "सांगितलं नव्हतं मी?"

मावशीच्या घरात माणसं तीन. मावशी, ट्रकवर जाणारा मावसभाऊ, जो पंधरवड्यातून एकदा घरी येई, आणि वहिनी. वहिनी शहरातल्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सव्वासातला हजेरी, दिवसाला तीनशे चादरी, आणि पाच दिवस सलग गैरहजर राहिलं की जागेवर दुसरी बाई. आजच्या गाडीत ती पुढच्या दारापाशी उभी होती. उतरल्यावर एक शब्द न बोलता सरळ घरी आली होती. मावशी शेजारी बातमी द्यायला गेली, तेव्हा वहिनी पाटावर बसून भाजी निवडत होती. पाण्यात राहून राहून तिच्या हातांची कातडी सुरकुतलेली होती.

"मला मोजलंस का गं?" वहिनीनं वर न बघता विचारलं.

"हो. मोजलंय ना."

"कधी?"

ती भाजीच्या जुडीची दोरी सोडायला लागली.

"तू आलीस ते दोन्ही दिवस मी कामावर होते. तुझे दादा तर तेव्हा इथे नव्हतेच. त्यांना मोजलंस?"

"हो."

"न बघता?"

"तुम्ही इथे राहता हे मला माहीत होतं, वहिनी."

"हं." वहिनीनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आणि समोरच्या घरात रंगारी राहतो, हे तू आमच्या ओट्यावर बसून मावशींना विचारलं असतंस तर चहा गार झाला असता का?"

हे वाक्य तिच्या अंगावर नीट, वजन करून ठेवल्यासारखं आलं. तिनं तिथल्या तिथे सगळं सांगितलं. रकाने, खोट्या वेळा, ६.४५ आणि ७.१०. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसते कान तापले.

वहिनीनं ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला ते गाडीत तुझ्याकडे बघूनच कळलं होतं. तू एकदाही कोणाकडे मान वर करून बघितलं नाहीस. आता ज्यांना भूत केलंस त्यांना सांग. सकाळी सहाला भेटतील सगळे, एकाच ठिकाणी."

"आणि मावशीला?"

"त्यांचं तू बघ. मी नाही सांगणार."

मावशी परतली तेव्हा इतकी खुशीत होती की तिला सांगायचा धीर झाला नाही. हा दुसरा भित्रेपणा. तिनं मनातल्या मनात त्याचीही नोंद केली.

सकाळी सहाला गाडी निघाली आणि शेवटचं घर मागे पडल्यावर ती उठून ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिली. हायवेचा फाटा अकरा किलोमीटरवर, रस्ता खड्ड्यांचा. तोवर कोणी उतरू शकत नव्हतं. तीही नाही.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात कोणालाच ऐकू गेलं नाही. कंडक्टरनं दांड्यावर तिकिटांचं यंत्र ठोकलं. "अहो, गप्प बसा जरा. ताई काय म्हणतायत बघा."

तिनं सांगितलं. लांबण लावली नाही. मी तीन वेळा यायला हवं होतं, एकदाच आले. उरलेल्या दोन वेळा मनानं लिहिल्या. तुमची घरं रिकामी म्हणून लिहिली. गावाचा कागद कमी पडला नाही, मी खोटं लिहिलं.

एका खड्ड्यात गाडी उसळली, सगळ्यांची डोकी एकदम वर गेली आणि एकदम खाली आली.

"म्हणजे घाई होती तुला," रंगारी शेवटी म्हणाला. काल विनोद करणारा आवाज आज सपाट होता. "मलाही असते. भिंतीला रंगाचे दोन हात द्यायचे असले की मी दोनच देतो. एक देऊन दोन म्हटलं तर मालक मला दारात उभा करत नाही."

"काल शेजारी बसलीस माझ्या," शिवणकामवाली म्हणाली. "मी तुझी बाजू घेत होते. तू ऐकत होतीस."

"हो."

"ऐकत होतीस!" बाईनं पुन्हा म्हटलं आणि तोंड फिरवलं.

मागून एक म्हातारा, शहरातल्या शाळेचा पहारेकरी, करवादला, "आता रडारड पुरे. वही आहे का पोरीकडे? फाट्यापर्यंत अर्धा तास आहे. लिहू दे. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

तिनं वही काढली. बाकांमागून बाकं, हलत्या गाडीत, तिरक्या अक्षरांत. प्रत्येकानं घरची माणसं सांगितली, वयं सांगितली, घराच्या डाव्या-उजव्या हाताला कोण राहतं तेही. कोणी आवाज चढवला नाही. कोणी तिच्या डोळ्यांतही बघितलं नाही. दात काढायला गेल्यावर डॉक्टरला उत्तरं द्यावीत तशी उत्तरं दिली. त्या गाडीत कुलपाच्या घरांतली एकोणपन्नास माणसं होती. त्यांच्या घरची शाळेत, शेतावर, खाणीवर गेलेली धरून एकशे अठरा. एक्केचाळीसपैकी खरोखर रिकामी घरं चार. चारशे अडतीस अधिक एकशे अठरा, पाचशे छप्पन. फाटा आला तोवर तिनं बेरीज दोनदा तपासली होती.

साहेब दहाला आले. तिनं वही पुढे ठेवली आणि तेच सगळं तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदाही सोपं गेलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "हे तुम्ही आपणहून सांगताय म्हणून ठीक आहे. एका गावाची दुरुस्ती माझ्या अधिकारात बसते. दुरुस्तीपत्रक भरा, हेडमास्तरांचा पट जोडा, मी आज सही करतो. सोमवारची गाडी चालू राहील. तुमचं काम मात्र इथे संपलं. समजलं ना?"

"समजलं."

"बरं." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "चूक फक्त याच गावाची ना?"

त्यांनी ते सहज विचारलं, पेनाचं टोपण काढता काढता. उत्तर 'हो' असणार हे धरूनच.

तिच्यापुढे बाकीची दहा गावं आली. आली असं म्हणणंही बरोबर नाही, कारण एकाचाही चेहरा तिला नीट आठवेना. एका ठिकाणी थांब्याजवळ तुटका बाक होता. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं होतं. तिथंही कुलपं होती आणि तिथंही ६.४५ आणि ७.१०. तीन गावांची गाडी गेल्या आठवड्यातल्या सोमवारीच बंद झाली होती. अकरा दिवसांत तिथून कोणाचा फोन आला नव्हता. येणार कसा? तिथं तिची मावशी नव्हती. काल रात्रीपासून आपण मोठं धैर्य करतोय असं तिला कुठेतरी वाटायला लागलं होतं. त्या वाटण्याचीच तिला आता किळस आली.

"जास्त गावं असली तर?" तिनं विचारलं.

साहेबांचं पेन थांबलं. "तर माझ्या हातात काही राहत नाही. सगळी मोजणी वर जाईल, दुसरी माणसं येतील, तीन आठवडे धरा. तोवर लागलेले कागद लागू. तुमच्या या गावासकट." ते जरा पुढे झुकले. "म्हणून विचारतो. नीट आठवून सांगा. एकच ना?"

पाच दिवस सलग गैरहजर, आणि जागेवर दुसरी बाई.

"अकरा," ती म्हणाली. "सगळीच."

साहेबांनी कोरा कागद मागे घेतला आणि टोपण पेनाला लावलं. मग म्हणाले, "लिहून द्या."

जिन्यात येऊन तिनं वहिनीला फोन लावला. दुपारच्या सुट्टीची वेळ होती, मागे धुलाईयंत्रांची घरघर. तिनं सांगितलं. सही झाली असती. मी अकरा म्हणाले. सोमवारपासून गाडी नाही, तीन आठवडे तरी.

घरघर चालू राहिली.

"वहिनी?"

"ऐकतेय." वहिनीचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. राग पुढे कधीतरी येणार होता. "शहरात कोणाकडे झोपायला मिळतं का बघते. इथे दोघी-तिघी आहेत ओळखीच्या. मावशींना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तो फोन लाव. माझ्याकडून कळलं तर त्यांना मान वर करायला जागा राहणार नाही." आणि फोन बंद झाला.

मावशीनं पहिल्याच घंटीला उचलला. "झालं का गं काम? हेडमास्तर इथेच बसलेत. देऊ का त्यांना?"

"नको मावशी. तू ऐक. एकटी ऐक."

मावशी उठून आतल्या खोलीत गेल्याचं तिला ऐकू आलं, दार लोटल्याचंही. मग तिनं सांगायला सुरुवात केली. मावशीनं मधे एकदाही 'अगं' म्हटलं नाही. सांगून संपलं तेव्हा बाहेर बसलेल्या हेडमास्तरांचा खोकला ऐकू आला.

"मी त्यांना काय सांगू आता?" मावशी हळू म्हणाली. "घरोघर जाऊन सांगितलंय मी. चूक तुझी नाही म्हणून."

"तू नको सांगूस. मी येते. सोमवारी येते आणि मीच जाते प्रत्येक घरी."

"सोमवारी?" मावशी म्हणाली. "कशानं येशील?"